सहाही डिस्कांवर

खंडेनवमीला हत्यारं पुजावीत, याला माझी ना नाही. पण लोधिवलीच्या धनेशने चालू स्टोरेज-पेटीतून सहाच्या सहा डिस्क उपसल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि मनाला येईल तशा परत खोचल्या. त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. गावागणिक एक व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कांवरचा वेगळा कप्पा. काही उघडेना, तरी मला, डेटा काढून देणाऱ्याला, बोलावलं ते तुळशीची लग्नं उरकल्यावर!

"आधी पेटी बंद करायची की रे!"

"बंद मशीनची कसली पूजा, दादा?"



स्टुडिओत जयवंताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांची आई जनी, पंचक्रोशीची धवलारीण. हळद असो की मांडव, धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायला तीच. ती गेल्या वर्षी वारली. उद्या बाईंच्या लेकीची, संजनाची हळद.

"आईचा आवाज तरी वाजू दे मांडवात. एवढं काढून द्या."

डिस्क जागच्या जागी बसवल्या आणि वाटणीची स्क्रीन उघडली. प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी, तिच्यावर व्हॉल्यूमांचे रंगीत तुकडे. एका सातबाऱ्यावर भावकी पसरावी तसे चौक, लोधिवली, भिवपुरी या गावांचे तुकडे सगळीकडे थोडे थोडे. सगळे शाबूत. आणि सहाही पट्ट्यांवर एक राखाडी तुकडा, बिननावाचा.

"हा कुणाचा?"

"आमचा नाय."

बेरीज केली. व्हॉल्यूमांची जागा डिस्कांच्या जागेपेक्षा जास्त भरली. भावकीत असं होतं, मशीनमध्ये होत नाही. पुन्हा केली. आणखी जास्त! राखाडी तुकडा वाढला होता, पण शेजारच्या कुणाचाच बांध सरकला नव्हता.

वैतागून मी एक डिस्क बाहेर ओढली. स्क्रीनवरची तिची पट्टी गेली. पट्टी होती तिथे राखाडी तुकडा तसाच राहिला.

"धनेश, माझी मस्करी करतोस?"

"आईशप्पत, मी हात पन नाय लावला."

डिस्क परत खोचली आणि तो राखाडी व्हॉल्यूम उघडला. आत एकच फाइल. तारीख आजची. लावली.

आवाज जनीचा होता. मागे वाजंत्री नाही, माणसांची कुजबूज नाही. नुसती ती.

जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. मग हलकेच आईच्या सुरात सूर मिसळू लागल्या. धवल्यात आधी नवरीचं नाव येतं, मग नवऱ्याचं.

संजनाचं आलं.

पुढच्या ओळीला जनी थांबली. तिचा श्वास ऐकू आला. मग गाणं तसंच पुढे गेलं.

"हितं जावयाचं, रूपेशचं नाव पायजे," बाई म्हणाल्या.

"त्यांना कुठून ठाऊक? सोयरीक आत्ता दिवाळीत जुळली," धनेश म्हणाला.

"ठाव नसलं तर आई इचारायची. जागा मोकळी नाय सोडायची."

जनीने कडवं पुन्हा घेतलं. संजनाचं नाव. मग श्वास. या वेळी जास्त लांब.

बाईंनी फोन काढला. रूपेश खोपोलीला कारखान्यात. त्यांनी नंबर लावून फोन कानाशी धरला.

"वाजतोय. उचलंना."

धनेशने माझा दंड धरला. फाइलमध्ये, जनीच्या श्वासामागे, एक मोबाइल वाजत होता.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन कानावरून खाली घेतला आणि कापला.

फाइलमधला मोबाइल थांबला.