परतीचा सूर

चष्म्याच्या कारखान्यात मी भिंगं तपासायचे. केसाएवढा ओरखडाही माझ्या नजरेतून सुटत नसे. म्हणूनच घरात जे पाहिलं, ते भास म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

घरात तिघंच. मी, माझी धाकटी बहीण आणि बाबा. सहा वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली. मी नोकरीवर जायचे, धाकटी त्यांचं सगळं करायची. दुपारी जेवण उरकलं की त्यांच्या उशाशी खुर्ची ओढून ती व्हायोलिन वाजवायची. जग बघायचं वेड तिला लहानपणापासून. कुठकुठल्या बंदरांची नावं तिला तोंडपाठ. देशोदेशी फिरणाऱ्या एका जहाजावरच्या वाद्यवृंदासाठी तिनं अर्जही केला होता; उत्तर तिला कधी मिळालं नाही. मी म्हणायचे, "आधी कोपऱ्यावरून साबण तर आण!"

एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"तीन वाजता वाळलेली चादर द्यायला आले होते गं. दार उघडंच होतं. व्हायोलिन वाजत होतं, पण खोलीत तुझे बाबा तेवढे."

"न्हाणीघरात असेल ती."

"मग वाजवत कोण होतं?"

मी ते हसण्यावारी नेलं. पण जेवताना धाकटीचं नाक उन्हानं सोललेलं दिसलं. आठवडाभर आभाळ झाकोळलेलं होतं. तिच्या चपलांना बारीक काळी वाळू चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी घरी आले. आत व्हायोलिन सुरू होतं. दार हळूच ढकललं.

खुर्ची रिकामी होती. सूर खुर्चीच्या वरून, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून येत होते. बाबा तिकडे बघत अर्ध्या तोंडानं हसत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. धून फिरत फिरत सुरुवातीच्या सुरावर आली आणि धाकटी खुर्चीत होती. केस ओले, दम लागलेला.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"तुला खरं वाटणार नाही, ताई. ज्या सुरावरून निघाले त्याच सुरावर परतायचं, एवढंच सांभाळावं लागतं; तो हरवला की वाट हरवली. पाऊण तास फक्त. बाबांचे हाल नाही होऊ देत मी." मग तिचा आवाज बदलला. "आज ते जहाज सापडलं. वाद्यवृंदाचं."

मी पाण्याचा पेला उचलला.

"तिथले मास्तर म्हणाले, तीन वर्षांपूर्वी माझी जागा पक्की झाली होती. मीच नाही म्हणून कळवलं म्हणे. पत्र अजून आहे त्यांच्याकडे."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"उद्या ते पत्र घेऊन येते. बाबांसमोर वाचू या."

ते पत्र मी लिहिलं होतं. सहीसुद्धा मीच केली होती, तिच्या नावाची. ती गेली असती तर बाबांचं सगळं कुणाच्या गळ्यात पडलं असतं?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी घरी होते. रिकाम्या खुर्चीवर धून चालली होती. ती माघारी वळेपर्यंत मी थांबले. मग रेडिओ लावला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. कुणीतरी हवामान सांगत होतं.

सूर अडखळला. मागे गेला, पुन्हा आला. पुन्हा मागे गेला.

बाबांनी डावा हात माझ्या दिशेनं उचलला. मी रेडिओसमोर उभी राहिले.

सूर थांबला.

"पळाली असेल," काकू म्हणाल्या. मी मान डोलावली.

नोकरी सोडली. आता बाबांचं मीच करते. रोज तीन वाजता धून सुरू होते, आणि त्याच जागी अडते. मी रेडिओ लावते.

पंधरा दिवसांपूर्वी रेडिओच्या आवाजाखालून आणखी एक आवाज आला. बाबा गुणगुणत होते. सहा वर्षांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते अडलेल्या जागेच्या पुढचे सूर म्हणत होते. एक. दोन. तीन. अगदी स्वच्छ.

खुर्ची करकरली.

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

तेव्हापासून बाबांचं जेवण मी बाराऐवजी तीनला वाढते. घास मोठे करते. ते सावकाश चावत राहतात, माझ्यावरची नजर न हलवता. पावणेचार वाजेपर्यंत मी त्यांचं तोंड रिकामं होऊ देत नाही.