सदतिसावा बदल

क्लायंटचं मन बदलायचं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. सॉफ्टवेअरवाली पोरं आता वेळेवर घरी जेवायला जात. कारण एकच, 'इच्छाबंद'. काय काय हवं त्या यादीवर क्लायंटने सही केली की त्याच्या डोक्यावर टोपी चढवायची. दहा मिनिटं. संपलं.

अ‍ॅम्ब्युलन्स कंट्रोल रूमच्या डॉक्टर देऊळकरबाईंना त्यांची सिस्टिम बनवणाऱ्या सुमेधनेच ते समजावलं होतं. "मॅडम, एखादी इच्छा आठवली की ती जरा वेळ मऊ पडते. बदलते ती तेव्हाच. टोपी तिला मऊ पडूच देत नाही."

"दुखतं का हो?"

"टोपी नव्हती तेव्हा आम्हाला दुखायचं."

बाई हसल्या. मग थबकल्या. "थांबा. पोरं टवाळी करतात म्हणून मुका कॉल रांगेत शेवटी टाका, असं लिहिलंय मी. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याचं काय?"

"हा सदतिसावा बदल, मॅडम." सुमेधने टोपी पुढे केली. "आता पुरे."

बाईंनी निमूट घातली.

कॉलची रांग लावणारी सिस्टिम सुरू झाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, कंट्रोल रूममध्ये बाईंशेजारी बसलेल्या सुमेधच्या स्क्रीनवर एक मुका कॉल आला. नंबर आईचा. एक बटण दाबलं की अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, अशी सोय त्यानेच तिला करून दिलेली. त्याने हेडफोन कानाला लावला. नुसती घरघर. आई रांगेत एकतिसावी.

गाव नव्वद किलोमीटर लांब. शेजारी फोन उचलेनात. अ‍ॅम्ब्युलन्स गावच्या फाट्यावरच रिकामी उभी, पण सिस्टिमच्या हुकमाशिवाय ती सुरूच होत नाही. आणि नियम बदलायचा तर क्लायंटचं नुसतं 'हो' चालत नाही, इच्छा लागते. तीच टोपी ती तपासते.

"माझी आई आहे, मॅडम! नियम बदला!"

बाईंनी घाईघाईने टोपी घातली. "बदला! हो, बदला!"

लाल दिवा.

"मनापासून म्हणा ना!"

"अहो, म्हणतेय!" बाईंचे डोळे भरले. "फार वाईट वाटतंय हो मला. पण बदलावं असं आतून वाटतच नाही. त्या दिवशी वाटत होतं बघा."

सुमेधने त्यांचे पाय धरले. दिवा लालच.

हेडफोनमधली घरघर थांबली. दोन मिनिटं आवाज नाही म्हणून सिस्टिमने कॉल बंद केला आणि पुढे कारण लिहिलं: टवाळी. शब्द सुमेधनेच टाकलेला.

बाईंनी टोपी काढली, डोळे पुसले, स्क्रीन नीट न्याहाळली.

"काम मात्र," त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं तस्संच केलंत हो."