नावाआधीचा शब्द

नोन्थबुरीच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर यंत्रं राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर माणसं. बडदास्त यंत्रांची जास्त. त्यांना बारा महिने गारवा, आणि आमच्याकडचा एसी मार्च उजाडला की मान टाकतो. खाली पाच इस्पितळांचे एक्स-रे आणि जमिनींचे नकाशे डिस्कवर साठवलेले असतात. ती साठवण किती भरली, कुठे वेगाने भरते आहे, कधी संपेल, हे सांगणारे रिपोर्ट बनवून त्यांच्या वेळा लावून देणं हे माझं काम. अकरा वर्षं हेच करते आहे.

यंत्राबरोबर आलेले तयार रिपोर्ट कुणाच्या उपयोगाचे नसतात. त्यात नुसते आकडे. फोल्डर चौदा, एक्याऐंशी टक्के. साहेब विचारतात, चौदा म्हणजे कोण? म्हणून मुकने स्वतःचा एक रिपोर्ट बनवला होता. मुक माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. काम मला तिनेच शिकवलं. तिच्या रिपोर्टात आम्हा बावीस जणांच्या फोल्डरांची एकेक ओळ असे: किती भरलं, आठवड्यात किती वाढलं, शेवटचं कधी उघडलं. पहिल्या रकान्यात तिने हाताने भरलेलं नाव. दर शुक्रवारी दुपारी तीनला तो आपोआप निघायचा आणि सगळ्यांच्या मेलवर येऊन पडायचा.

नावं तिने घरच्यासारखी भरली होती. तिच्याहून थोरल्यांच्या आधी फी, धाकट्यांच्या आधी नोंग. नुसत्या नावाने आम्ही कुणाला हाक मारतच नाही. पण यंत्र परदेशी, त्याला आमची थाई लिपी चालत नाही, म्हणून सगळं रोमन अक्षरांत. आणि फी हा शब्द आमच्या बोलण्यात सूर खाली आणून म्हटला तर थोरली बहीण किंवा थोरला भाऊ, सूर वर चढवून म्हटला तर भूत. आमच्या अक्षरांत दोन्ही वेगळे दिसतात, रोमनमध्ये अगदी एकसारखे. मुक म्हणायची, "यंत्राला विचाराल तर या ऑफिसात निम्मी भुतंच कामाला आहेत." इतक्यांदा म्हणायची की पुढे पुढे कुणी हसेनासं झालं.

स्वतःच्या ओळीत मात्र तिने नुसतं मुक लिहिलं होतं. स्वतःला कोण फी म्हणवून घेतं?

फेब्रुवारीत मुक झोपेतच गेली. एक्केचाळीस वर्षांची. देवळात भिक्खूंचे मंत्र झाले, आम्ही सगळे काळ्या कपड्यांत रांगेने बसलो होतो. मला रडू येईल म्हणून मी वाट पाहिली, पण ते काही आलं नाही. पुढच्या शुक्रवारी तीन वाजता तिचा रिपोर्ट आला.

त्यात नवल नव्हतं. शेड्यूल उघडून पाहिलं तर शेवटची तारीख होती डिसेंबर २५६७. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं बौद्ध साल तिने भरलं होतं, आणि यंत्र धरतं ख्रिस्ती साल. म्हणजे रिपोर्ट अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं निघणार होता. ही चूक आमच्यात प्रत्येकाने एकदा तरी केली आहे. अनुवत साहेब म्हणाले, राहू दे तसाच, वरच्या ऑफिसला लागतो.

नवल दुसरंच होतं. मुकच्या ओळीत फी मुक असं आलं होतं. कुणीतरी मान म्हणून केलं असेल, असं मी धरून चालले आणि एकेकाला विचारलं. कुणीच केलं नव्हतं. कोण कधी काय बदलतं याची यंत्र नोंद ठेवतं, तीही पाहिली. नोव्हेंबरपासून त्या रिपोर्टाला कुणाचा हात लागला नव्हता. नावं भरायच्या पानावर अजून नुसतं मुकच होतं. बाहेर पडताना मात्र ते फी मुक होऊन पडत होतं. आणि 'शेवटचं उघडलं' या रकान्यात त्याच दिवशीची वेळ होती, दोन पंचावन्न.

मी तिचं फोल्डर उघडलं. भाचीचे फोटो, जुने रिपोर्ट, केळ्याच्या केकची कृती. नवीन काही नव्हतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन पंचावन्न, आणि त्याच्या पुढच्याही. मी त्याची सवय करून घेतली. त्या दिवसांत मला कशाचीही सवय होत होती. जेवणाला चव लागत नव्हती, तेही चालून जात होतं.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी नोंग बोमचा फी बोम झाला. बोम खाली गारव्याची यंत्रं सांभाळायचा. बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. सगळ्यांनी त्याला चिडवलं, बढती मिळाली ना लेका, आता कॉफी पाज. त्याने खरंच पाजली, बर्फ घालून, पिशव्या भरभरून. गुरुवारी सकाळी कामावर येताना पुलाच्या उतारावर त्याची मोटरसायकल घसरली.

पुन्हा काळे कपडे, पुन्हा मंत्र. रिपोर्टाचं कुणी नाव काढलं नाही. मीही नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी नोंग इंगच्या जागी फी इंग आलं.

इंग माझी सख्खी धाकटी बहीण. खाली डिस्कच्या खोलीत असते, बिघडलेल्या डिस्क काढते, नव्या बसवते. तिला इथे मीच लावलं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी बारा. तिच्या वेण्या मी घालायचे, डबा मी भरायचे. आम्हा दोघींना एकमेकींशिवाय कुणी नाही.

ती जिना चढून वर आली. हातात नेहमीप्रमाणे दोन कॉफ्या होत्या. दर शुक्रवारी ती माझ्यासाठी एक आणते.

"पाहिलंस?" ती म्हणाली.

"पाहिलं."

"बोमसारखंच ना?"

तिने कॉफी टेबलावर ठेवली, आणि बर्फ विरघळून टेबल ओलं होईतो दोघींपैकी कुणी ती उचलली नाही.

"बंद करून टाक ना गं तो रिपोर्ट, फी ख्वान."

"बंद केला तर कळायचं बंद होईल. व्हायचं ते बंद होईल, असं कुठे आहे?"

ती खाली गेली. खिडकीतून पाहिलं तर फाटकाजवळच्या वास्तुदेवतेच्या देव्हाऱ्यापुढे तिने लाल सरबताची बाटली ठेवली, आत नळी खोचली आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. ज्याचा त्याचा इलाज. माझा इलाज माझ्यासमोर पडद्यावर होता.

नावं भरायच्या पानावर नोंग इंगच होतं. ते खोडून पुन्हा नोंग इंग लिहिलं, जतन केलं, रिपोर्ट हाताने काढून पाहिला. फी इंग. तिची ओळ वगळून पाहिली. बावीसच्या बावीस ओळी आल्या. नाव मोकळं सोडलं, तरी फी इंग. चार वाजले, साडेचार वाजले. लोक पिशव्या उचलून घरी निघाले. भीती वाटते आहे असं काही जाणवत नव्हतं. आणखी एक उपाय राहिला होता, एवढंच कळत होतं.

तिचं फोल्डर चौदा नंबरचं, माझं नऊ; मुकहून मी धाकटी, म्हणून तिथे नोंग ख्वान. मी चौदासमोर नोंग ख्वान लिहिलं आणि नऊसमोर नोंग इंग. नुसती नावं बदलून भागलं नसतं, म्हणून आतलं सगळंही हलवलं. तिचे फोटो नऊमध्ये, माझे कागद चौदामध्ये. यंत्राशी खोटं बोलायचं नव्हतं. मग रिपोर्ट काढला.

नऊ: नोंग इंग.

चौदा: फी ख्वान.

मी त्या दोन ओळींकडे पाहत बसले. बोमलाही गुरुवारपर्यंत वेळ मिळाला होता. हातात सहा दिवस होते. इंगला फोन करून सांगितलं, दुरुस्त झालं, आकड्यांचा घोळ होता. ती फोनवर रडली.

सोमवार गेला. मंगळवारी मी पासबुक आणि खोलीची जादा किल्ली इंगच्या कपाटात ठेवून आले. बुधवारी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहिलं. गुरुवारी सकाळी बसने पूल ओलांडला, उतार आला, आणि मी ऑफिसात पोचले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मान वर केली नाही. तो फोनवर मॅच पाहत होता.

शुक्रवार उजाडला. म्हणजे झालं, मी मनाशी म्हटलं. सुटलो दोघी.

दुपारी मी माझ्या खुर्चीत बसले होते. एसी बंद होता तरी गरम होत नव्हतं. तीन वाजता रिपोर्ट आला. नोंग इंग जागच्या जागी. फी ख्वान जागच्या जागी. शेवटचं उघडलं: आज, दोन पंचावन्न.

मी माझं फोल्डर उघडलं नव्हतं. दोन पंचावन्नला मी काय करत होते, ते आठवायचा प्रयत्न केला. मग सकाळी काय खाल्लं ते. मग काल पुलानंतरचं काहीही.

जिन्यावर पावलं वाजली. इंग आली.

कुणी तिच्याशी बोललं नाही. अनुवत साहेब उभे राहिले आणि तिला वाट करून दिली.

काळे कपडे घातले होते तिने. बोमचा काहीतरी विधी असेल.

तिने माझ्या टेबलावर लाल सरबताची बाटली ठेवली आणि आत नळी खोचली. कॉफी संपली असेल.

"फी ख्वान," ती म्हणाली.

बोलायला लागल्यापासून ती मला हीच हाक मारते आहे, सूर खाली आणून. आज तो वर चढला. प्रश्न विचारताना माणसाचा सूर चढतो, मी मनाशी म्हटलं, आणि तिच्या प्रश्नाची वाट पाहिली.

तिने प्रश्न विचारला नाही.