दुसऱ्याची हजेरी

तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. त्या टोळीत मी स्वतः होतो. माझं नाव बालाजी, आणि तो आवाज मी याच कानांनी ऐकलाय. बाकीचं सिद्धोधननं मला सांगितलं, ते त्याच्याच तोंडचं आहे.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात पूर्णा ते चुडावा रुळाच्या कडेनं एकदा चालून बघावं.

गेल्या वर्षीची, सोळा मेची गोष्ट. दुपारचे साडेचार.

आम्ही चौदा जण ठेकेदाराकडे रुळाखाली खडी भरायच्या कामावर होतो. सिद्धोधन आमचा मुकादम. मुकादमकी मिळून आठच दिवस झाले होते. नवी शिट्टी गळ्यात घालून हिंडायचा, जेवतानासुद्धा काढायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ नागेश आमच्यातच होता.

त्या दिवशी नागेशला ऊन लागलं. रुळाखालच्या मोरीजवळ दोनदा ओकला आणि बाभळीला टेकून बसला.

"दादा, पाय उचलंना. मला पूर्णेला दवाखान्यात ने."

"हजेरी होऊ दे, मग नेतो. हलू नको इथून."

माणूस पडला हे हजेरी घ्यायला येणाऱ्या साहेबांना कळलं की पहिली विचारणा मुकादमाला. पाणी होतं का, सावली होती का. आठ दिवसांची शिट्टी नवव्या दिवशी गेली असती.

साहेब रुळाच्या कडेला उभे राहून मोबाइलवरची यादी वाचायला लागले. मान खालीच.

"नागेश."

सिद्धोधननं एकदा मोरीकडे बघितलं...

"हजर," तो म्हणाला.

त्यात काय एवढं, तुम्ही म्हणाल. पण त्यांच्या घरात हे चालत नव्हतं. सरजाबाई आत्यानं दोघा भावांना शाळेत घालताना एकच बजावलं होतं. "खोटं बोला, मार खा, कायबी करा. पण दुसऱ्याची हजेरी द्यायची न्हाई." कॉलेजात अख्खा वर्ग एकमेकांची हजेरी द्यायचा, तेव्हा पोरं सिद्धोधनला हरिश्चंद्र म्हणायची. आत्यानं कारण मात्र कधी सांगितलं नाही.

साहेब गेले. आम्ही मोरीकडे पळालो.

डबा होता.

चपला होत्या, जोडीनं, नीट लावलेल्या.

बाभळीच्या खोडावर पाठीच्या घामाचा ओला डाग होता...

नागेश नव्हता.

अंधार पडेपर्यंत शोधलं. विहीर बघितली, नाला बघितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी. साहेबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सिद्धोधनचीच तशी ताकीद होती, आणि आम्हीही शेपूट घातलं. मलाही याची लाज वाटते.

"नागेश."

कोणी बोलेना. सिद्धोधनही नाही.

मग मोरीकडून... लांबून...

"हजर."

आवाज नागेशचाच. साहेबांनी मान वर न करता बोट टेकवलं आणि पुढचं नाव घेतलं.

नागेशची बायको सुकेशनी पोलीस ठाण्यात गेली. ठाण्यातून साहेबांना फोन आला. साहेब म्हणाले, माणूस तर रोज हजर आहे. मग पोलिसांनी तिलाच ऐकवलं, नवऱ्याशी भांडलीस का बाई? सिद्धोधन शेजारीच उभा होता. त्यानं तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी मात्र तो आत्याच्या पायाशी जाऊन बसला आणि सगळं ओकला.

आत्या म्हणाली, "तुझ्या खापरपणज्याचं पाप हाय ते. राणबा हवालदाराचं."

इंग्रजांच्या काळात हिंगोलीच्या छावणीतून पलटण बर्म्याच्या लढाईवर गेली, तेव्हाची गोष्ट. राणबा नुकता हवालदार झालेला. धाकटा भाऊ सटवा त्याच्याच हाताखाली शिपाई. जंगलात सटवाला ताप भरला आणि तो बांबूच्या बेटात पडला. साहेबाला सांगितलं असतं, तर बोल राणबाला लागला असता. संध्याकाळी सटवाचं नाव पुकारलं.

राणबा म्हणाला, "हाजिर."

कागदावर हजर असलेल्या माणसाला शोधायला कोण जातं? तीन दिवस त्यानं तेच केलं. चौथ्या दिवशी त्यानं तोंड उघडायच्या आधीच... रांगेच्या टोकाकडून उत्तर आलं.

राणबा बिल्ला लावून घरी आला. मरेपर्यंत रोज दिवस कलला की दोन्ही कानांवर हात ठेवून बसायचा.

"तुझ्या बापाला मी सांगितलं व्हतं," आत्या म्हणाली. "त्यानं ऐकलं न्हाई. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर धाकट्या भागवतची हजेरी त्यानंच, तात्यारावनं दिली. तुमाला सांगितलं, काका मुंबईला पळाला."

"यातून सुटका कशी, आत्या?"

"ज्याची हजेरी दुसऱ्यानं दिली, तो आपल्यात राहत न्हाई. येवढंच मला म्हाईत हाय."

दारात सुकेशनी चहा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज साडेचारला रुळाशी यायला लागली. हातात नवऱ्याचा डबा.

आवाज रोज जवळ येत होता. आधी मोरीपाशी. मग खडीच्या ढिगापाशी. मग रांगेच्या टोकाला.

दोन जूनला तो सिद्धोधनच्या पाठीमागून आला...

"हजर."

मी शेजारी उभा होतो. ओकारीचा आंबूस वास माझ्या नाकात शिरला. मागं वळायची माझी छाती झाली नाही.

यादीत पुढचंच नाव होतं. "सिद्धोधन."

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज फुटेना.

आणि मग...

"हजर."

हा आवाज बाईचा होता. स्वच्छ, खणखणीत. डोक्यावरचा पदर नीट करून सुकेशनी उभी होती. साहेबांनी बोट टेकवलं.

"सुकेशनी, हे काय केलंस?" सिद्धोधन म्हणाला.

"तुमी केलं तेच, दादा."

काम सुटल्यावर सिद्धोधननं मला चुडावा स्टेशनच्या बाकावर बसवून हे सगळं सांगितलं. अजून चांगला उजेड होता. मग म्हणाला, "बालाजी, जरा पाणी आण." नळ वीस पावलांवर. मी बाटली भरून वळलो.

बाकावर शिट्टी होती...

दोरीला गाठ तशीच. गळ्यातून काढलेली नाही, नुसती रिकामी पडलेली.

आता मुकादम दुसरा आहे. यादीतली दोन्ही नावं मात्र तशीच आहेत. रोज हजर असलेल्या माणसाचं नाव कसं कापू, साहेब म्हणतात. सुकेशनी अजून येते. पहिला 'हजर' आला की डब्याचं झाकण उघडते. दुसरा आला की पचकन थुंकते आणि घरी जाते.

मी अजून त्याच टोळीत आहे. पण जरा खोकला झाला की कामावर जातच नाही, घरचे कितीही बोलू देत. ऐन वेळी घसा बसला आणि शेजारच्यानं भल्या मनानं माझं 'हजर' म्हटलं, तर...