काचेच्या खोलीत दोघं

हे खरंच घडलेलं आहे. उरवड्याच्या त्या कारखान्यात दयानंद आजही फिटर आहे. गेल्या माघातला गुरुवार, कारखान्याची सुट्टी. रात्र नव्हती. भर दुपार होती.

त्याची बायको हेमलता तिथेच पॅकिंगला होती. पौषात काम करता करता कोसळली. लोकांनी तिला मालाच्या शटरमधून उचलून गाडीत घातलं. दवाखाना गाठेपर्यंत ती गेली होती.

त्या गडबडीत बाहेर पडतानाचं कार्ड लागलंच नाही.

तिथे आत जाताना एक मशीन, बाहेर येताना दुसरं. मध्ये काचेची छोटी खोली. मागचं दार मिटल्याशिवाय पुढचं उघडत नाही. खोलीत दोघं असले तर ते उघडतच नाही. एकाच्या कार्डावर दुसऱ्याने घुसू नये म्हणून. पूर्वी हेमलता नवऱ्याच्या पाठोपाठच घुसायची. "तुमच्या जोडीपायीच हे खुराडं बसलं," असं वॉचमन जयसिंग चिडवायचा.

दहाव्यानंतर तोच दबकत म्हणाला, "दयाभाऊ, वहिनी अजून आतच हायेत. मशीन तसं दावतंय."

दयानंदने रिहे गावातल्या आपल्या आत्याला सांगितलं.

"मग आणायला जा की," आत्या म्हणाली. "घराबाहेर जीव गेलेल्या माणसाला तितं जाऊन हाक मारावी लागती. न्हाईतर तितंच ऱ्हातं ते."

म्हणून तो गेला. खिशात हेमलताचं कार्ड घेऊन.

"लवकर या हां," जयसिंग म्हणाला. "सायबाला कळलं तर माजी नोकरी जाईल."

पॅकिंगचा हॉल रिकामा. पंखे बंद. रस्त्यावरचे ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हते.

आणि मग...

खर्र.

चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. हेमलताच्या टेबलाकडून.

टेबलावर काहीच नव्हतं.

"हेमा," तो कसाबसा म्हणाला. "सुट्टी झाली. चल घरी."

आवाज थांबला.

तो दाराकडे निघाला. मागे पाऊल वाजलं नाही. आपलं कार्ड लावून तो काचेच्या खोलीत शिरला. मागचं दार मिटलं.

पुढचं उघडलं नाही.

लाल दिवा. मशीनमधली बाई बोलली, "कृपया एका वेळी एकच व्यक्ती."

आत तो एकटाच होता...

त्याने वळून पाहिलं. मागच्या काचेवर, त्याच्या खांद्याच्या उंचीला, वाफ धरली होती. ती विरली... पुन्हा धरली. कुणी श्वास घ्यावा तशी.

तो घाबरला नाही. "आलीस," एवढंच म्हणाला, आणि तिचं कार्ड मशीनला लावलं.

लाल.

पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"कार्ड बंद हाय म्हणतंय!" बाहेरून जयसिंग ओरडला. त्याने ऑफिसच्या स्वरदा मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, त्यांचं नाव मी आज सकाळीच घरून काढलं," मॅडम म्हणाल्या. "ऑडिट आहे ना. उगाच एक माणूस आत दिसत होतं. आता सगळं क्लिअर आहे. आत कुणीच नाही."

"परत घाला की, मॅडम," जयसिंग म्हणाला.

"गेलेल्या माणसाचं कार्ड कसं चालू करणार, काका?"

काचेवरची वाफ दाट होत चालली. मागचं दार आपोआप उघडलं. दोघांनी परत आत जावं म्हणून.

"दयाभाऊ," जयसिंग बाहेरून म्हणाला, "तुमी एकटंच निघा."

दयानंदने काचेवरच्या वाफेवर तळहात टेकवला. मग लहान मुलाची समजूत काढावी तसं हळू म्हणाला, "हेमा... तू मागे हो."

काच स्वच्छ झाली. मागचं दार मिटलं. दिवा हिरवा झाला.

तिला न्यायला आला होता. स्वतःच तिला मागे ढकलून आला.

पुढच्या गुरुवारी त्याने साहेबांच्या पाया पडून मालाचं शटर उघडून घेतलं, तिथे कार्ड लागत नाही म्हणून. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. हॉल गप्प होता. मॅडमकडे नवीन कार्ड मागितलं. "नावच नाही, तर कुणाचं काढू?" त्या म्हणाल्या. त्यांचंही चुकत नव्हतं.

आता रोज सुटताना तो काचेच्या खोलीत जरा जास्तच थांबतो. मागची रांग ओरडते, "ओ भाऊ, निघा की! झोपला का काय?"

तो मागच्या काचेकडे बघत असतो.

दिवा लगेच हिरवा होतो, म्हणजे आत तो एकटाच. ती रागावली आहे, की दमून बसली आहे, की आता तिथेही नाही...

त्याला कळत नाही.