हवा छान आहे

मंगळाभोवती फिरणाऱ्या निरीक्षण-यानात डॉ. विद्वांस आपला अहवाल खुशीत वाचत होते. खाली दोन घुमट-वसाहती होत्या. एकीचा कारभार सभेकडे, दुसरीचा एकट्या नियंत्याकडे. पुढच्या सगळ्या वसाहती कशा चालवायच्या, ते या तुलनेवरून ठरणार होतं.

“सभावाले प्राणवायू नुसता उधळतात,” ते म्हणाले. “शिवाय नळ कुठे बसवायचा यावर अजून भांडतायत. नियंत्याकडे बघ. खर्च निम्मा आणि तक्रार एक नाही.”

त्यांची सहकारी उत्तरा नाडकर्णी हिचा धाकटा भाऊ निषाद नियंत्याच्या घुमटात राहत होता. तिने आलेख पुढे सरकवला.

“सर, श्वासमापक धुळीने चुकतो, म्हणून माणसांच्या बोलण्यावरून स्वतःला दुरुस्त करतो. कुणी ‘कोंदतंय’ म्हटलं की प्राणवायूची झडप उघडतो, ‘हवा छान’ म्हटलं की थोडी मिटतो. सभेतले लोक ऊठसूट कुरकुरतात, त्यांना हवा जास्त मिळते. नियंत्याकडे तक्रार करणाऱ्याची नोकरी जाते. तिथे सगळे छानच म्हणतात.”

“म्हणजे?”

“ते गुदमरतायत, आणि मापक सगळं ठीक दाखवतोय.”

विद्वांसांचा चेहरा उतरला. “नियंत्याने मागितल्याशिवाय मदत पाठवता येत नाही. आणि तो कशाला मागेल? कुणीतरी तोंड उघडायला हवं.”

उघड सांगायची सोय नव्हती. यंत्राबद्दल अवाक्षर काढलं की नियंता संपर्क तोडत असे. उत्तराने निषादला फोन लावला. पडद्यावर त्याचे ओठ निळसर दिसत होते.

“खरं सांग, हवा कशी आहे?”

त्याने मागे वळून पाहिलं. “छान आहे, ताई.”

आलेखावर झडप किंचित मिटली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. वर्षभर रोज ती मायेने हाच प्रश्न विचारत होती, आणि तो रोज हेच उत्तर देत होता. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

तिने फोन करणंच सोडलं. विद्वांस मदत पाठवायला पृथ्वीकडे परवानगी मागत राहिले. झडपेचं मिटणं जरा मंदावलं.

मग एके दिवशी त्याचाच फोन आला.

“ताई, रागावलीस का गं? फोन नाही तुझा.”

उत्तराने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, ती रडू दाबतेय.

“माझी काळजी नको करूस,” धापा टाकत निषाद म्हणाला. “इथली हवा अगदी छान आहे.”