थोरल्या रांजणाची राखण

“त्सुनेको! पाऊल मागं घे!”

चोएईंची काठी दारूच्या कोठाराच्या फरशीवर खाडकन आपटली, आणि हातातलं पेल्यांचं तबक कसंबसं सावरत त्सुनेको उंबऱ्याबाहेरच थिजली. म्हाताऱ्या बापाची दृष्टी जाऊन सात वर्षं झाली होती, पण लेकीच्या पावलांचा आवाज त्यांना अजून बिनचूक ओळखू येई… आणि आज, सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या सोहळ्याच्या ऐन सकाळी, घरभर पैपाहुणे जमलेले असतानासुद्धा, त्यांना तिचा अपराध विसरता आला नव्हता!

“चुकून पडलं, बाबा,” ती पुटपुटली. “पेले आणलेत. आत्या, तुम्ही घेता का?”

“आण इकडं!” कामे आत्या, म्हणजे चोएईंची नव्वदीतली धाकटी बहीण, तुरुतुरु पुढे आली. “काय रे दादा, या वयात माणूस पुन्हा पोर होतं म्हणून तुझ्या हातात भिरभिरं द्यायचं ना आज? तू पोर झालास खरा, पण हट्ट तेवढा थेरड्याचाच ठेवलास!”

“तू गप गं, कामे.”

अंगणात उघडी गाडी रंगीत कागदी भिरभिऱ्यांनी मढवून उभी होती. चोएईंना तीत बसवून गावभर मिरवायचं, आणि गावानं त्यांच्या हाताला हात लावून त्यांचं आयुष्य थोडंथोडं मागून घ्यायचं! पण त्याआधी एक काम उरकायचं होतं. कोठाराची किल्ली अजून म्हाताऱ्याच्या गळ्यात होती. भट्टीचा सगळा कारभार त्सुनेकोचा धाकटा भाऊ मोरिहिरो वीस वर्षं बघत होता, त्यानं चकचकीत पोलादी टाक्या आणल्या, तपासणीची यंत्रं आणली, बक्षिसं मिळवली, तरी किल्ली काही गळ्यातून उतरली नव्हती. आज ती त्याला मिळायची होती… घराण्याच्या रीतीप्रमाणे, तीन पेल्यांचा वास ओळखून दाखवल्यावर!

इनाफुकु घराण्याची ही तांदळाची आवामोरी दारू तीन रांजणांच्या जिवावर उभी होती. थोरला रांजण आजोबांच्या वेळचा; लढाईत सगळं गाव जळालं तेव्हा वडाखाली पुरलेला होता म्हणून वाचला. त्या थोरल्यातून सणासमारंभाला जेवढी काढायची, तेवढी मधल्यातून भरायची. मधल्याची तूट धाकट्यातून, आणि धाकट्याची त्या वर्षीच्या नव्या दारूतून. एकही पायरी गाळायची नाही. थोरल्यात थेट नवी पडली की पिढ्यापिढ्यांचा सुगंध बुजलाच म्हणून समजा!

चौतीस वर्षांपूर्वी, आईच्या वर्षश्राद्धाला थोरल्यातून बरीच दारू निघाली, आणि तूट भरण्यासाठी मधल्यातली, धाकट्यातली आणि नवी दारू भरलेले तीन हंडे शेजारीशेजारी मांडले होते तेव्हा, बावीस वर्षांच्या मोरिहिरोनं नव्या दारूचा अख्खा हंडा थोरल्यात रिकामा केला. झाकण उघडताच कुणालाही वासावरून कळलं असतं. पण मोरिहिरोला वास येतच नव्हता! सहाव्या वर्षी आलेल्या तापात त्याचं नाक कायमचं गेलं होतं. ही गोष्ट फक्त आईला आणि त्सुनेकोला ठाऊक होती, आणि आई तर निघून गेलेली…

“कुणी केलं हे?” चोएई त्या दिवशी गरजले होते. भाऊ भिंतीला टेकून खाली बघत होता. भट्टीवाल्याच्या एकुलत्या एका मुलाला नाक नाही, हे बाहेर फुटलं तर त्याचं काय उरणार? विचार करायच्या आधीच त्सुनेको पुढे झाली होती.

“मी, बाबा.”

तिचं नाक अख्ख्या पंचक्रोशीत वाखाणलं जाई. पलीकडच्या गावच्या भट्टीवाल्यांनी तिला मागणी घातली होती ती त्या नाकासाठीच. महिन्याभरात ते स्थळ मोडलं. कोठाराची दारं मिटली. बाटल्या धुणं, लेबलं चिकटवणं आणि सगळ्यांचा भात शिजवणं, यात तिची चौतीस वर्षं गेली!

आणि तरीही थोरला रांजण वळणावर आला होता. कारण दर वर्षी मोरिहिरो झाकलेले पेले घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारी येई. “ताई, हे बघ ना जरा.” भात ढवळता ढवळता ती हुंगे, म्हणे, “यंदा मधल्यातून कमी काढ. धाकटा अजून कच्चा आहे.” तो मान डोलावून जाई. यंत्राला दारूचे अंश कळत. वास काही त्याला कळत नव्हता. बक्षिसं मात्र मोरिहिरोच्या नाकाला मिळत… आणि ती वर्तमानपत्रातले त्याचे फोटो कापून जपून ठेवत असे! दुःख होत नव्हतं असं नाही. पण हा सल बापाच्या कानावर कधी घालायचाच नाही, असा तिनं निश्चय केला होता. फक्त एक इच्छा मनातून जात नव्हती: बाबांनी जाण्याआधी एकदा तरी म्हणावं, की हे तुझ्या हातून घडलं नसतं.

“चल कामे, पेले भर,” चोएई म्हणाले.

कामे आत्यानं तीन रांजणांतून तीन पेले भरले, त्यांच्या जागांची अदलाबदल केली आणि ते मोरिहिरोपुढे ठेवले.

“सांग पोरा पटकन! बाहेर गाडीतला ड्रायव्हर पेंगायला लागलाय.”

मोरिहिरोनं एक पेला उचलला. नाकाशी नेला. त्याच्या कपाळावर घाम डवरला. पाच पावलांवरून, उंबऱ्याबाहेरूनही त्सुनेकोला स्पष्ट कळत होतं… उजव्या पेल्यात थोरल्या रांजणातली, मधोमधच्या पेल्यात धाकट्यातली, डाव्यात मधल्यातली! भावानं हळूच दाराकडे पाहिलं. तिनं तबकाआडून बोट उजवीकडे हलवलं.

त्यानं ते पाहिलं. त्याचा हात उजवीकडे गेलासुद्धा… आणि मग त्यानं तो मागे घेतला.

“नको, ताई,” तो म्हणाला. “पुरे झालं आता.”

“काय पुरे झालं?” चोएईंनी विचारलं. “कुणाशी बोलतोस?”

“बाबा, मला वास येत नाही.” मोरिहिरो म्हाताऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. छप्पन्न वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा रडू लागला. “लहानपणीच्या तापापासून येत नाही. थोरल्यात नवी दारू मी ओतली होती! मला कळलंच नाही. ताईनं माझा दोष अंगावर घेतला… आणि मी तो घेऊ दिला! इतकी वर्षं नाक तिचं आणि नाव माझं!”

चोएईंनी तोंड दाराकडे वळवलं.

“त्सुनेको,” ते म्हणाले. “खरं?”

“त्याला काही बोलू नका, बाबा. पोरवय होतं त्याचं.”

“मी त्याचं विचारत नाही! तुझं विचारतोय. मला चांगलं ठाऊक होतं, ही पोर झोपेतसुद्धा असली चूक करायची नाही. पण तू तोंडानं कबूल केलंस, आणि मला राग असा आला, की मी पुन्हा विचारलंच नाही… चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही गं!”

त्सुनेकोच्या डोळ्यांतून अश्रू ओघळू लागले. “मला वाईट वाटलं नाही असं खोटं कशाला सांगू? वाटलं, बाबा. तुम्ही या दाराला कुलूप लावायचात ना, तेव्हा रोज वाटायचं!”

म्हाताऱ्यानं गळ्यातली किल्ली ओढली. गाठ सुटेना, शेवटी मोरिहिरोनंच ती सोडवली आणि बापाच्या तळहातावर ठेवली.

“ये आत. ही तुझी.”

“मी एकसष्ट वर्षांची झाले. आता काय करू हिचं?”

“एकसष्ट म्हणजे काय वय आहे?” कामे आत्या मध्येच म्हणाली. “मी त्या वयात दुसरा घरोबा केला होता!”

सगळे रडतारडता हसले. पण त्सुनेकोचं पाऊल उचलेना. इतक्या वर्षांची सवय पायांत भिनली होती. तेव्हा चोएई मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, चाचपडत दारापर्यंत आले, आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात बाहेर काढून लेकीचं मनगट धरलं.

“मला दिसत नाही. मला धरून आत ने.”

ती त्यांना धरून आत गेली. थोरल्या रांजणाचं झाकण काढताच तो गोड, दाट वास अंगावर आला. मग तिनं ओगराळं घेतलं, मधल्यातून एक भरून थोरल्यात अलगद सोडलं, आणि सवयीनं बापाकडे वळली.

“बरोबर आहे ना, बाबा? अजून एक घालू?”

“मला कशाला विचारतेस?” चोएई म्हणाले. “आता तू सांगायचंस, आणि आम्ही ऐकायचं.”

त्सुनेकोनं बाहीनं डोळे पुसले, रांजणावर वाकून एकदा नीट हुंगलं आणि म्हणाली, “अर्धंच घालते.”